आकड्यांतून उभा राहिलेला सामना

मैदानावर चाललेला खेळ दूरच्या माणसास दाखवावयाचा, तर तो त्याच्यासाठी दुसऱ्यांदा घडवावा लागतो. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट-संघ इंग्लंडमध्ये खेळत असता याचा एक विलक्षण प्रयोग झाला. लघुलहरींवरून येणारा आवाज भरवशाचा नसे. म्हणून षटकामागून षटकाचा वृत्तान्त सांकेतिक तारेने सिडनीस येई आणि नभोवाणीगृहात बसलेले समालोचक, सामना जणू समोर चालू आहे, अशा थाटात त्याचे वर्णन करीत. लाकडावर पेन्सिल आपटली की बॅटीचा टोला ऐकू येई. टाळ्या ध्वनिमुद्रिकेतून येत.

पुढे तारेची जागा संगणकाने घेतली. १९९३ साली सायमन किंग या इंग्रज संशोधकाने अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ‘क्रिकइन्फो’चा आरंभ केला. मायदेशापासून दूर असलेल्या क्रिकेटवेड्यांस धावसंख्या कळावी, हा मूळ हेतू. याच संस्थेचे मोठे कार्यालय पुढे बंगळूर शहरी थाटले गेले. तिने ‘क्रिकइन्फो थ्री-डी’ नावाची सोय काढली. प्रत्येक चेंडूची नोंद होताच संगणक त्या नोंदीवरून चित्रातले गोलंदाज व फलंदाज हलवून तोच चेंडू पडद्यावर खेळून दाखवी. प्रत्यक्ष दृश्य पाठविण्यापेक्षा आकडे पाठविणे पुष्कळ सुलभ. सिडनीच्या पेन्सिलीचे काम आता चित्राने पत्करले.

या दोन्ही प्रयोगांचा प्रेक्षक सामन्यासाठी आसुसलेला होता. अलीकडे मात्र हेतू पालटला आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. खेळाडूंच्या खांद्यांवरील कवचांत बसविलेल्या सूक्ष्म यंत्रांवरून त्यांची धाव टिपली गेली आणि तोच सामना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील मुलाच्या खोलीत, खेळण्यांच्या संगतीत, त्याच वेळी चालू असलेला दाखविला गेला. खरे दृश्यही उपलब्ध होतेच. परंतु ज्या मुलांना त्याची ओढ नव्हती, त्यांना खेळाच्या उंबरठ्याशी आणावयाचे होते.

नव्या प्रेक्षकास बोलावणे गैर नव्हे. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीत धावते समालोचन केले, तेव्हा इंग्रजी न जाणणाऱ्या श्रोत्यासाठीही क्रिकेटचे दार उघडले. वेष बदलला, खेळ बदलला नाही. प्रश्न एवढाच की, वेष बदलताना खेळातले काय मागे राहते?

याचे उत्तर बंगळूरच्याच चिन्नास्वामी मैदानाने देऊन ठेवले आहे. ९ मार्च १९९६, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. भारताच्या २८७ धावांचा पाठलाग करताना पाकिस्तानच्या आमिर सोहेलने वेंकटेश प्रसादला चौकार मारला आणि चेंडू गेला त्या सीमेकडे बॅट रोखून त्याला डिवचले. पुढच्याच चेंडूवर सोहेलचा त्रिफळा उडाला. भारताने सामना ३९ धावांनी जिंकला. धावफलकाच्या वहीत या प्रसंगाच्या दोनच खुणा राहतात : एक चौकार आणि एक बळी. लोकांच्या स्मरणात मात्र त्या दोहोंमधली रोखलेली बॅटच राहिली आहे. केवळ चेंडूंच्या नोंदीवरून रंगविलेल्या चित्रात ती उमटली नसती.

यंत्रे सुधारत आहेत. २५ डिसेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कमधील बास्केटबॉलचा सामना असाच चित्ररूपाने दाखविला गेला, तेव्हा खेळाडूंच्या हातापायांची हालचालही कॅमेऱ्यांनी टिपली होती. उद्या रोखलेली बॅटही चित्रात येईल. तथापि काय टिपावयाचे आणि काय सोडावयाचे, हे यंत्र ठरवीत नाही, माणूस ठरवितो. सिडनीच्या समालोचकाने पेन्सिल हवी तशी वाजविली, पण तारेत नसलेली धाव फलकावर चढविली असती, तर श्रोत्याचा विश्वास कायमचा उडाला असता. खेळण्यांच्या ओढीने आलेल्या मुलासही तोच प्रामाणिकपणा देणे लागते. कारण आज ना उद्या ते खेळणी बाजूस सारून खऱ्या मैदानाकडे पाहणार आहे.