भिंत चढत असताना कोण बघत होतं?



साकोलीत कुणाच्या घरी स्लॅब टाकायचा असला की एक दृश्य हमखास दिसतं. घरातलं म्हातारं माणूस सकाळपासून प्लास्टिकची खुर्ची टाकून समोर बसलेलं असतं. सिमेंटची पोती मोजतं, रेती किती पडते ते बघतं, बांधलेली सळई तशीच राहिली का याकडे लक्ष ठेवतं. पोरं थट्टा करतात. पण ज्ञानमीमांसेच्या वर्गात मला जे सांगायला चार तासिका लागायच्या, ते त्या म्हाताऱ्याला आधीच कळलेलं असतं. काही वस्तू अशा असतात की तयार झाल्यावर त्यांची परीक्षा घेता येत नाही. स्लॅबच्या पोटात काय आहे हे जाणून घ्यायचं, तर तो टाकताना हजर राहावं लागतं. नंतर तो फोडूनच बघावा लागतो.

आज मी त्या खुर्चीचा इतिहास सांगणार आहे. फक्त घर आपलं नाही, वकिलातीचं. आणि ते परक्याच्या जमिनीवर, परक्या मजुरांकडून बांधून घ्यायचं आहे.

सुरुवात आपल्याकडून करू. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं. त्यात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपियनांविषयी, फार सावध मजकूर आहे. अमात्य सांगतात, यांना वखारीसाठी समुद्रकाठची, खाडीच्या तोंडाची जागा देऊ नका. द्यावीच लागली तर समुद्रापासून आत, मोठ्या गावांच्या मध्ये, सखल जागी द्या. आणि पक्क्या इमारती बांधू देऊ नका. बघा, परक्याचा वकील किंवा व्यापारी आला याची अमात्यांना धास्ती नाही. धास्ती आहे त्याच्या चुना-दगडाची. पक्की भिंत उभी राहिली की आत काय चाललं आहे ते आपल्याला कळणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

त्यांची शंका किती खरी होती, याचा दाखला आपल्या अंगणातलाच आहे. आपला भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. इंग्रजांची रेसिडेन्सी सीताबर्डीच्या टेकड्यांच्या पश्चिमेला आणि नागपूर शहर पूर्वेला. रेसिडेंट होते रिचर्ड जेन्किन्स. नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांशी बिनसलं तेव्हा जेन्किन्सनी फौज टेकडीवर चढवली. २६ आणि २७ तारखेला लढाई झाली आणि भोसले हरले. वकिलाच्या घराच्या पाठीशी असलेली टेकडी पुढे किल्ला झाली. म्हणजे वकिलातीची राखण आणि राज्य घेणं यातलं अंतर आपल्याकडे एका टेकडीएवढंच निघालं.

ही झाली यजमानाची बाजू. आता पाहुण्याची.

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९६९ मध्ये करार झाला, की एकमेकांच्या राजधानीत नव्या वकिलातींसाठी जागा द्यायची. १९७२ मध्ये बांधकामाच्या अटी ठरल्या, आणि मॉस्कोतलं काम १९७९ मध्ये सुरू झालं. ठेकेदार आणि मजूर सोव्हिएत. लक्ष ठेवायला अमेरिकन नौदलाच्या बांधकाम दलाची, ज्यांना सीबीज म्हणतात, त्यांची मूठभर माणसं. अमेरिकनांना अनुभव नव्हता असंही नाही. त्यांच्या राजदूताच्या मॉस्कोतल्या घरात, भेट म्हणून आलेल्या लाकडी राजमुद्रेत, १९५२ मध्ये श्रवणयंत्र सापडलं होतं. १९६४ मध्ये जुन्या वकिलातीच्या भिंतींतून ध्वनिग्राहक निघाले होते. तरीही नव्या इमारतीचे कॉलम-बीम साच्यात ओतून, तयार होऊन, बाहेरून यायचे. जिथे ते ओतले जात होते, त्या कारखान्यात अमेरिकन खुर्ची नव्हती. मुद्दा एवढाच आहे आणि तोच सगळ्यात मोठा आहे. खुर्ची टाकली होती, पण भिंत उभी राहत होती तिथे. भिंत बनत होती दुसरीकडेच.

ऑगस्ट १९८५ मध्ये अमेरिकनांनी काम थांबवलं आणि सोव्हिएत मजुरांना आवाराबाहेर काढलं. तपासणीत दिसलं की श्रवणव्यवस्था इमारतीच्या सांगाड्यातच ओतलेली आहे. वेगळी काढून फेकावी असं काही नाही. इमारत आणि यंत्र एकच झालेलं. शोधणाऱ्या उपकरणांना फसवायला काँक्रीटमध्ये डायोड मिसळले होते असं सांगतात. कित्येक वर्षं ती इमारत तशीच उभी राहिली. शेवटी वरचे दोन मजले पाडून त्यांच्या जागी चार नवे मजले चढवले. ते काम अमेरिकन हातांनी आणि अमेरिकेहून आणलेल्या सामानाने केलं. वकिलात तिथे राहायला गेली २००० मध्ये. हिशेब करा, काम सुरू झाल्यापासून एकवीस वर्षं.

या फजितीतून एक नवा पेशा जन्मला. अमेरिकन संसदेने १९८७ च्या डिसेंबरात नियम घातला, की गोपनीय काम होणारी परदेशातली इमारत बांधायची तर सुरक्षेची हमी आधी लेखी द्या. मग त्यासाठी माणसं लागली. मरीन दलाचे सैनिक वकिलातीच्या आतल्या बंदोबस्ताला असतात, पण बांधकाम दोन-चार वर्षांचं आणि जगभर विखुरलेलं. तेव्हा ठेका. खाजगी कंपनीने सुरक्षा-तपासणी झालेले अमेरिकन नागरिक पुरवायचे, पुष्कळदा निवृत्त सैनिक किंवा पोलीस. यांना म्हणतात क्लिअर्ड अमेरिकन गार्ड. फाटकावर मजुरांची झडती घ्यायची, सामानासोबत चालायचं, कुणाला कुठल्या मजल्यापर्यंत जाऊ द्यायचं ते बघायचं. त्यांच्या जोडीला बांधकाम निरखणारे तंत्रज्ञ असतात. ते सळई, तारा, पाइप, काँक्रीट बारकाईने तपासतात. गोपनीय भागाचं सामान सीलबंद कंटेनरमधून येतं. आणि एक युक्ती मला फार आवडली. स्थानिक बाजारातून माल घ्यायचाच असेल तर तो ऐनवेळी, कुठल्याही दुकानातून उचलायचा. कुठली वस्तू वकिलातीत जाणार हेच कुणाला आधी कळलं नाही, तर तिच्यात काही दडवणार कसं?

आपल्या मुंबईतही हे दोन काळ शेजारी-शेजारी दिसतात. ब्रीच कँडीचं लिंकन हाऊस हा मूळचा वांकानेरच्या महाराजांचा राजवाडा, १९३० च्या दशकातला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन वकिलात तिथे गेली. तो बांधला जात असताना कुणी अमेरिकन खुर्ची टाकून बसला नव्हता. २०११ मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नव्या वास्तूत आली. ती या नियमांच्या काळातली.

आता मला जे खटकतं ते सांगतो. या सगळ्या व्यवस्थेचा पाया एक गृहीतक आहे: आपला माणूस विश्वासू, तिथला माणूस संशयित. आपल्या तालुक्यातली पोरं गवंडीकामाला नागपूर-मुंबईला जातात. त्यातलं एखादं अशा कामावर गेलं, तर त्याचा हात कितीही सफाईचा असो, काही दारं त्याला बंद. का? तर पासपोर्ट. आणि पासपोर्टाने विश्वास ठरतो का? डिसेंबर १९८६ मध्ये क्लेटन लोनट्री नावाच्या अमेरिकन मरीन सैनिकाला पकडलं. मॉस्कोच्या वकिलातीचाच पहारेकरी. हेरगिरीबद्दल त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली, पुढे ती कमी होऊन १९९६ मध्ये तो सुटला. भिंतीतली यंत्रं परक्या मजुरांच्या काळातली, पण हा माणूस आपला होता, कसून पारखलेला होता.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये मद्यपानाची चर्चा चालली असताना ग्लॉकॉन म्हणतो, रखवालदारालाच रखवालदार लागावा हे हास्यास्पद. मी तरुणपणी हे शिकवताना पुढे निघून जायचो. आता वाटतं, ग्लॉकॉन तिथे घाईत होता. सभासदांच्या बखरीत शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था वाचा. एका गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस. वेगवेगळ्या जातींचे, बरोबरीच्या दर्जाचे, आणि कारभार तिघांनी मिळून बघायचा. हवालदार आपलाच माणूस, तरी गड त्याच्या एकट्याच्या हातात नाही. इथे संशय परक्यापुरता नाही, तो सगळ्यांवर सारखा वाटलेला आहे. म्हणून तो कुणाचा अपमान करत नाही. ठेक्याच्या व्यवस्थेत मला हे दिसत नाही. पुन्हा कंपनीला मुदतीत काम संपवायचं, बिल काढायचं. काम थांबवा असं म्हणणारा गार्ड कुणालाच नको असतो.

मॉस्कोच्या गोष्टीचा शेवट राहिला. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडत असताना केजीबीचे शेवटचे प्रमुख वादिम बकातिन यांनी अमेरिकन राजदूत रॉबर्ट स्ट्रॉस यांना वकिलातीतल्या श्रवणयंत्रांचे नकाशे देऊन टाकले. घ्या म्हणाले, आता इमारत वापरा. त्यांच्या देशात त्यांना गद्दार म्हटलं गेलं. आणि अमेरिकनांनी काय केलं? वरचे मजले पाडलेच. नकाशा खरा असेलही, पण पूर्ण आहे हे कशावरून? ते ठरवायला पुन्हा भिंतच फोडावी लागली असती.

वेळ झाली. सीताबर्डीबद्दल कुणाला विचारायचं असेल तर पुढे या, माझा डावा कान जरा कमी ऐकतो.