शिकारीची हौस आणि कलेची ओढ : यवतमाळ जिल्ह्यात राहण्यासाठी कोणता परिसर निवडावा?

शहरातली नोकरी संपली किंवा घरून काम करण्याची सोय झाली, की अनेकांना गावाकडे जागा घ्यावीशी वाटते. त्यातल्या काहींना जंगल जवळ हवे असते, रानात हिंडायचे असते, आजोबांच्या बंदुकीच्या गोष्टी डोक्यात असतात. त्याच माणसांना नाटक, गाणे, पुस्तके यांच्यापासून तुटायचेही नसते. विदर्भात या दोन्ही गोष्टी शोधणाऱ्यांच्या यादीत यवतमाळ जिल्हा हमखास येतो. टिपेश्वरचा वाघ इथलाच आणि दोन अखिल भारतीय साहित्य संमेलने भरवणारे शहरही इथलेच.

पण यातली पहिली हौस आज भागू शकत नाही. भारतात हौशी शिकारीला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे शिकारीला कोणता तालुका चांगला, हा प्रश्न बाजूला ठेवावा लागतो. शिकारीत जे आवडते त्यातले कायदेशीररीत्या काय उरले आहे आणि ते कुठे मिळते, एवढेच पाहता येते.

शिकारीबाबत कायदा काय सांगतो?

इंग्रजी अमदानीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडात जंगलाचे भाग पाडून शिकारीचे परवाने दिले जात. मचाण, हाका, आमिषाला बांधलेला हेला हा सगळा थाट त्याच काळातला. स्वातंत्र्यानंतरही परवाने सुरूच होते. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची वाट ठेवलेली होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. त्यामुळे 'ससा-तितर चालतात' हा गावोगावी ऐकू येणारा समज चुकीचा आहे. कायद्याच्या लेखी फास लावणे, जाळे टाकणे, विष घालणे, नुसता पाठलाग करून हुसकणे हीसुद्धा शिकारच आहे. एअरगनने लावा मारला तरी गुन्हा होतो. वाघ, बिबट, अस्वल यांसारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबत किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद होऊ शकते.

कायद्यात अपवाद आहेत, पण ते हौसेसाठी नाहीत. प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कलम ११ खाली लेखी आदेश देऊ शकतात. आधी जेरबंद करण्याचा प्रयत्न करायचा, तो शक्य नसेल तरच मारायचे, असा त्याचा क्रम आहे. दुसरा अपवाद उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या, पहिल्या अनुसूचीत नसलेल्या प्राण्यांचा. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी वापरला जातो. नुकसान झालेल्या शेतकऱ्याने वन विभागाकडे अर्ज करायचा, पंचनामा व्हायचा आणि मग त्या शेतापुरती, ठरावीक मुदतीची पारधीची परवानगी मिळायची. मारलेला प्राणी कलम ३९ नुसार सरकारी मालमत्ता ठरतो, म्हणजे त्याचे मटण घरी नेता येत नाही. शेत विकत घेऊन 'पीक संरक्षणा'च्या नावाखाली मित्रमंडळींसह डुकराच्या मागे जाण्याचा बेत कोणी आखत असेल, तर त्याने हे कलम आधी वाचावे.

शस्त्र परवाना ही निराळी बाब आहे. तो शस्त्र अधिनियम १९५९ खाली मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ शस्त्रे ठेवता येतात. त्यात शिकारीचा हक्क कुठेही येत नाही. नेमबाजीचीच आवड असेल तर रायफल क्लब आणि लक्ष्यभेद स्पर्धा आहेत, पण त्यासाठी नागपूर-पुण्यासारखे शहर जास्त सोयीचे.

अवनीनंतरचे यवतमाळ

हे सगळे किती गंभीरपणे घ्यायचे, ते या जिल्ह्याला २०१८ मध्ये कळले. राळेगाव आणि पांढरकवडा परिसरात सुमारे दोन वर्षांत झालेल्या १३ माणसांच्या मृत्यूंसाठी टी-१ अर्थात 'अवनी' या वाघिणीला जबाबदार धरले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने वन विभागाच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ एका खासगी शिकाऱ्याच्या गोळीने ती मेली. तिचे दोन बछडे मागे राहिले. बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला का, पथकासोबत पशुवैद्यक का नव्हता, यावरून देशभर वाद पेटला आणि चौकशी समित्या बसल्या. मुंबई-दिल्लीत मेणबत्त्या लागत होत्या, तेव्हा राळेगावच्या शिवारात लोकांनी सुटकेचा श्वास टाकला होता. कपाशी वेचायला जाणाऱ्या बाईला त्या दोन वर्षांत एकटीने शेतात जाता येत नव्हते. या भागात घर घेणाऱ्याने दोन्ही बाजू समजून घ्याव्यात. कुडाच्या घरात राहणाऱ्यासाठी वाघ ही फोटोची गोष्ट नसते.

यानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात, यवतमाळ शहरात ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले. त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि अखेर उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. पतीच्या आत्महत्येनंतर घर सांभाळणाऱ्या या शेतकरी बाई. 'तेरवं' या शेतकरी विधवांच्या जगण्यावरच्या नाटकात त्यांनी काम केले होते. इथली कला कुठून येते याचा अंदाज एवढ्यावरूनही यावा. याआधीचे यवतमाळचे संमेलन १९७३ चे. त्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते.

गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांचा उल्लेख इथे अस्थानी नाही. शिकारीचा नाद, हातात चित्रकाराची पेन्सिल आणि मराठीतले पहिल्या दर्जाचे गद्य हे तिन्ही एका माणसात होते. वानरांच्या टोळ्यांवरच्या 'सत्तांतर'ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पूर्व विदर्भातल्या नागझिऱ्यात मुक्काम करून त्यांनी त्याच नावाचे पुस्तक लिहिले. माग काढणे, वारा ओळखणे, तासन्‌तास न हलता बसणे ही शिकाऱ्याची विद्या बंदुकीशिवायही कामी येते, हे त्यांच्या लेखनात दिसते. यवतमाळमध्ये कायद्याने मिळू शकते ती हीच विद्या.

परिसर कोणते?

पांढरकवडा-घाटंजी : दोन्ही आवडी एकत्र नांदण्याची शक्यता सर्वांत जास्त इथे आहे. टिपेश्वर अभयारण्य १४८.६३ चौरस किलोमीटरचे, १९९७ मध्ये घोषित झालेले. टिपाई देवीवरून त्याला नाव मिळाले. जंगल लहान आणि वाघ वाढलेले, म्हणून तरुण वाघांना बाहेर पडावे लागते. टी-१ सी-१ उर्फ 'वॉकर' हा वाघ जून २०१९ मध्ये इथून निघाला आणि तेलंगणाचा काही भाग, नांदेड, हिंगोली, वाशिम अशी वाट तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण ३ हजार किलोमीटरपेक्षा जास्त चाल त्याच्या गळ्यातील रेडिओ कॉलरवर नोंदली गेली. सफारी सुन्ना आणि माथनी या फाटकांतून होते, पावसाळ्यात बंद असते. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरूनच जात असल्याने नागपूर सुमारे १५० किलोमीटरवर येते.

कलेच्या दृष्टीने हा कोलाम आणि गोंडांचा मुलूख आहे. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी कोलाम एक आहेत आणि त्यांची कोलामी ही द्रविड कुळातली भाषा आहे. दिवाळीच्या सुमारास दंडार निघते. नाच, गाणे, सोंगे असे सगळे तिच्यात असते आणि ती सीमेपलीकडच्या आदिलाबादेतही तेवढीच जिवंत आहे. गोंडांच्या कुळकथा गाणारे परधान हे या भागाचे परंपरागत गायक. बांबूच्या टोपल्या आणि तट्टे विणणे हे कोलामांचे जुने कसब. एक गैरसमज मात्र टाळावा. दुकानांत मिळणारी रंगीत 'गोंड चित्रे' ही मध्य प्रदेशातल्या पाटणगडच्या परधानांची परंपरा आहे. ती इथे शोधायला आलेला माणूस निराश होईल.

यवतमाळ शहर आणि आसपास : रोजच्या रोज व्याख्यान, नाटक, ग्रंथालय, डॉक्टर हवा असणाऱ्याने इथेच राहावे. पठारावर असल्याने रात्री थोड्या सुसह्य असतात, मेची दुपार मात्र विदर्भाचीच. नवरात्रातला दुर्गोत्सव हा शहराचा मोठा कलाप्रसंग. मूर्ती, देखावे, मंडपांची नक्षी पाहायला बाहेरून माणसे येतात. कोलकात्यानंतर आपलाच उत्सव, असे यवतमाळकर ठणकावून सांगतात आणि त्यांच्याशी वाद न घातलेला बरा. वऱ्हाडी बोलीची कविता आणि विनोद ही इथली खरी मिरास. 'बॅरिस्टर गुलब्या' गावोगावी रंगवणारे कवी शंकर बडे याच मातीतले. खंजिरी भजनाची मंडळे गावोगावी आहेत. कळंबपर्यंत वर्ध्याहून रेल्वे २०२४ मध्ये सुरू झाली. जंगलासाठी मात्र पांढरकवड्यापर्यंत सुमारे ७० किलोमीटर जावे लागते.

पुसद-दिग्रस : डोंगरांनी वेढलेला, बंजारा तांड्यांचा भाग. होळीतली लेंगी गाणी आणि आरशांचे भरतकाम यांसाठी हा परिसर अभ्यासकांनाही खुणावतो. इसापूर धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यात पाणपक्षी बघता येतात. वाघाची अपेक्षा ठेवू नये.

उमरखेड : पैनगंगा अभयारण्य, सहस्रकुंड धबधबा आणि भरपूर एकांत. कार्यक्रमांसाठी यवतमाळपेक्षा नांदेडच जवळ पडते. एकट्याने लिहिणाऱ्या-रंगवणाऱ्याला चालेल, समूहात काम करणाऱ्याला कठीण.

वणी : लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव. लोकमान्यांवरच्या संस्कृत महाकाव्यासाठी त्यांना मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आज मात्र कोळसा खाणी, ट्रक आणि धूळ. राहण्यासाठी पहिली पसंती देता येत नाही.

पारध्यांचा प्रश्न

जिल्ह्यात शिकार हे ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य होते ते फासेपारधी. फासांनी तितर-लावे धरणे, गाय-बैलाच्या आडोशाने सावजाजवळ जाणे ही विद्या त्यांनी घडवली. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून निघाला. वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि पोटाचा धंदाच गुन्हा झाला, पर्यायी जमीन-रोजगार मात्र फार थोड्यांना मिळाला. श्रीमंताची शिकार छंद म्हणून संपली, पारध्याची चूल विझली, हा फरक पुष्कळदा विसरला जातो. म्हणूनच पारधी बेड्यावरच्या पोराला चार पैसे देऊन 'एखादा ससा आण' म्हणणारा बाहेरचा माणूस त्याला थेट तुरुंगाच्या दारात नेतो. त्याच पोराला पक्षी ओळखणारा वाटाड्या म्हणून रीतसर मजुरी देता येते.

जागा घेण्यापूर्वी

महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कूळकायदा आहे. मारेगाव, राळेगाव, केळापूर (पांढरकवडा) आणि घाटंजी या तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार शासनाच्या पूर्वसंमतीशिवाय घेता येत नाही. दुसऱ्याच्या नावावर व्यवहार करून ती मिळवण्याचे सल्ले देणारे दलाल भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २, आणि गट अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतो का, हे तलाठी आणि वन कार्यालयात तपासावे. त्या क्षेत्रात रिसॉर्ट, बोअर, कुंपण यांवर बंधने असतात. कुंपणात थेट वीज सोडणे तर कुठेही गुन्हाच. त्यात डुकरांबरोबर वाघ आणि माणसेही मेलेली आहेत. सौर कुंपण झटका देते, मारत नाही, आणि त्यासाठी शासकीय अनुदानाची योजना आहे.

व्यवहारात सर्वांत शहाणपणाचे म्हणजे पांढरकवड्यात एक पूर्ण वर्ष भाड्याने राहणे. कार्तिकात दंडार पाहावी. कपाशी-तुरीच्या दिवसांत एखाद्या शेतकऱ्याबरोबर मचाणावर रात्रीची जागल करून डुकरांचा कळप पीक कसे तुडवतो ते बघावे. बुद्धपौर्णिमेला राज्यातील अनेक अभयारण्यांत पाणवठ्यांवर बसून प्राणी मोजण्याचा कार्यक्रम असतो, त्यासाठी वन विभागाकडे नाव नोंदवावे. त्या रात्री मचाणही असते आणि दबा धरून बसणेही असते, हातात फक्त वही-पेन्सिल. वर्षाच्या शेवटी यवतमाळच्या नाट्यगृहाची आठवण फार वेळा आली असेल, तर घर शहरात घ्यावे आणि जंगलाला महिन्यातून दोनदा जावे.