रमण्याची दक्षिणा आणि सरकारचा कर

विद्यार्थ्याच्या हाती पडलेला पैसा ही त्याची कमाई की त्याच्या शिक्षणाचा खर्च, हा प्रश्न वकिलांचा म्हणून आपण सोडून देतो. पण पुण्यात त्याचे मूळ फार जुने आहे. पेशवाईत श्रावणमासी पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई. ती विद्वत्तेला होती म्हणावे, तर केवळ जातीच्या जोरावर हात पसरणारेही तिथे थोडे नव्हते. 1818 नंतर एल्फिन्स्टनने तो खर्च अगदीच बंद केला नाही; त्यातूनच 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. 1849 साली लोकहितवादी आदी सुधारकांनी अर्ज केला, की यातला काही पैसा मराठी ग्रंथरचनेला द्यावा. सनातन्यांनी काहूर माजवले. जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे याच निधीतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे त्यांतलेच. त्यांना आरंभी दरमहा 60 रुपये मिळत, मागाहून 120.

आता योगायोग पाहा. त्याच सुमारास, 1860 साली, सत्तावनच्या खर्चाने रिती झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सनने हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. वार्षिक 200 रुपयांखाली माफी, 500 पर्यंत शेकडा 2, त्यावर शेकडा 4. दरमहा 60 म्हणजे वर्षाचे 720! रमण्यात मिळे ते दान. तेच महिन्याच्या महिन्याला मोजून मिळू लागले, की पगारासारखे दिसू लागते.

स्वतंत्र भारतात 1961च्या कायद्याने कलम 10, पोटकलम 16 मध्ये एका ओळीत निकाल दिला: शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती उत्पन्नात धरायची नाही. रकमेला मर्यादा नाही, फी आणि खाणावळ असा भेदही नाही. मला हे शहाणपणाचे वाटते. उपाशी पोराला कसली फी अन् कसले पुस्तक!

अमेरिकेने 1986 साली उलटी वाट धरली. पदवीसाठी शिकणाऱ्याची फी आणि अभ्यासक्रमाला लागणारी पुस्तके करमुक्त. राहण्याजेवण्याचे पैसे करपात्र. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे शिकतो. “गुरुजी, जेवणावरही कर कापला,” असे त्याने लिहिले, तेव्हा मी हे सारे शोधू लागलो. 1989च्या भारत-अमेरिका करारातले 21 वे कलम आपल्या विद्यार्थ्यांना तिथल्या रहिवाशांप्रमाणे प्रमाणित वजावट देते; परदेशाहून आलेल्या इतर बहुतेकांना ती नाही. मात्र ती आपणहून हातात पडत नाही. विवरणपत्र भरताना कराराचा उल्लेख करून मागावी लागते. तेवढेच मी त्याला उलट टपाली कळवले.