तळटीप १४ : औंधची घटना
१४. औंध संस्थानची स्वराज्य घटना, जानेवारी १९३९. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. मसुद्यामागे गांधीजींचे मार्गदर्शन. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी अतोनात कष्ट घेतले. गावाने पाच पंच निवडायचे, गावपंचायतींवर तालुका पंचायत, तिच्यातून विधिमंडळ अशी रचना होती. गादीवर असताना राजाने आपणहून सत्ता सोडावी, हे त्या काळी फार मोठे पाऊल होते. येथे उल्लेखलेले आटपाडी याच संस्थानातले, सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याला लागून. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ही घटना संपुष्टात आली. १९५० पासून या भागाला भारतीय संविधान लागू झाले. – संपा.