सिरिक्वा गेले कुठे?

केनियाच्या पश्चिमेकडच्या उंच पठारांवर, डोंगरउतारांत खणलेले हजारो उथळ, गोल खळगे आहेत. कालेंजिन लोकांच्या सांगण्यानुसार ते सिरिक्वांचे. आपल्याआधी इथे सिरिक्वा नांदत, याच खड्ड्यांवर छप्पर घालून राहत आणि मसाईंच्या धाडींपुढे निभाव लागेना तेव्हा गुरं हाकत दक्षिणेला निघून गेले. वसाहतकाळातल्या काही गोऱ्या लेखकांनी ही कथा शब्दशः खरी मानली आणि मग एक अख्खी जमातच ‘लुप्त’ झाली. नाकुरूजवळच्या हायरॅक्स हिलवर 1937-38 मध्ये उत्खनन करणाऱ्या मेरी लीकी यांनाही हे खळगे म्हणजे घरंच वाटली होती. पुढे 1960च्या दशकात जॉन सटन यांनी असे अनेक खळगे तपासले, तेव्हा वेगळंच दिसलं. खळगा म्हणजे गोठा. दार उताराच्या बाजूला, दाराखाली वर्षानुवर्षं उपसलेल्या शेणाचिखलाचा उंचवटा आणि झोपडी खळग्याच्या कडेला, गोठ्यातूनच वाट असलेली. रात्री चोरांपासून मोजकी जनावरं राखायची, तर ही रचना चोखच होती.

मग मोठे कळप घेऊन फिरणाऱ्या, लढाऊ तरुणांच्या बळावर गुरं राखणाऱ्या पशुपालनाचा जोर वाढला आणि हे गोठे निरुपयोगी ठरले. माझ्या मते नाहीशी झाली ती गुरं राखायची रीत. माणसं बहुतांशी तिथेच राहिली, कालेंजिन झाली. यावर कुणी म्हणेल, खळग्यांवरून माणसांची ओळख कशी पटणार? नुसत्या खळग्यांवरून नाहीच पटत. पण आपण सिरिक्वांचे वंशज आहोत असं सांगणारी कुळं त्याच प्रदेशात आहेत, आणि सगळे निघून गेले असते तर ती कुठून आली? नातवंडं आजोबांचा गोठा विसरतील का, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण दोन-तीन पिढ्या न वापरलेला, गवताने बुजलेला खळगा कशाचा हे कुणाला कळणार? शिवाय आधीचे ‘निघून गेले’ असं म्हटलं, की जमिनीवरचा त्यांचा हक्कही त्यांच्याबरोबर जातो. केनियातल्याच किकुयू लोकांची परंपरा इथे बोलकी आहे. 1930च्या दशकात ब्रिटिशांच्या भूमी आयोगापुढे त्यांनी सांगितलं, की आपण ही जमीन जंगलातल्या शिकारी आथी लोकांकडून शेळ्या-मेंढ्या मोजून घेतली. त्याही आधीच्या बुटक्या गुंबांच्या कथेत मात्र देणंघेणं नाही. ते जमिनीखाली निघून गेलेले असतात.