दीनबंधूचे वाचक किती?

कामशेतहून नाणे मावळात शिरले की कुंडली नदीवरील वडिवळे धरणाचा जलाशय लागतो. पावसाळ्यातील रविवारी लोणावळ्यापासून इथपर्यंतचा सारा परिसर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांनी फुलून जातो. सकाळची मिस्सा आटोपून निघालेली आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही त्यांत असतात. रविवारची सुटी आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की, ती कुणी तरी मागून, भांडून मिळवली असेल हे मनातही येत नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला ती मिळाली १० जून १८९० रोजी. ती मिळवण्यासाठी झटणारे नारायण मेघाजी लोखंडे हे मावळाला लागून असलेल्या खेड तालुक्यातील कन्हेरसरच्या घराण्यातले. त्यांच्या हाती धन नव्हते, सत्ता नव्हती; होते ते ‘दीनबंधू’ नावाचे एक साप्ताहिक. त्या साप्ताहिकाचे वाचक किती होते? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो की एखाद्या चळवळीचे बळ मोजायचे कशाने, हा मोठा प्रश्न समोर येतो.

जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. जोतीरावांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. ईश्वर आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, सर्व माणसे एकाच निर्मिकाची लेकरे आहेत, हा त्यांच्या समाजाचा गाभा. त्या काळच्या जातिबद्ध व्यवस्थेत हा विचार मुळावरच घाव घालणारा होता. १८७६ साली समाजाच्या सभासदांची संख्या होती ३१६. एवढ्या थोड्या माणसांच्या पाठबळावर जानेवारी १८७७ मध्ये कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केला. पैशाअभावी तो चालेना, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी तो मुंबईत नेला. १८८४ पर्यंत त्याचा खप आठवड्याला १,६५० प्रतींवर गेला. मराठी पत्रांत ‘केसरी’च्या खालोखाल हा खप होता, असे त्या काळच्या नोंदी सांगतात.

या नोंदी ठेवल्या कुणी? सरकारने. देशी वृत्तपत्रांत काय छापून येते याचे इंग्रजी सार काढून त्याचे अहवाल नियमितपणे अधिकाऱ्यांपुढे ठेवले जात आणि पत्राच्या नावासोबत त्याचा खपही टिपला जाई. राज्यकर्त्यांना त्यातून धोका मोजायचा होता. आज इतिहासाच्या अभ्यासकाला तीच टिपणे उपयोगी पडतात. मात्र प्रत मोजणे आणि वाचक मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९११ च्या जनगणनेतसुद्धा हिंदुस्थानात शंभरांपैकी जेमतेम सहा माणसे साक्षर होती; स्त्रियांत तर शंभरी एक. मग त्याच्याही तीस वर्षे आधी, ज्यांच्यासाठी ‘दीनबंधू’ निघत होता त्या शेतकऱ्या-कामकऱ्यांपैकी कितीकांना तो स्वतः वाचता येत असेल? त्यांच्यापर्यंत अक्षर पोहोचायचे ते कानांवाटे.

याचा पुरावा स्वतः जोतीरावांनीच ठेवला आहे. १८८३ साली सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातील भाग त्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढे वाचून दाखवले. या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’त छापली गेली, पुढची छापण्याचे लोखंडे यांनी थांबवले. भाषा अधिक प्रखर झाली, तेव्हा संपादकाची लेखणी अडखळली. म्हणजे जे पत्रात छापले गेले नाही ते सभेत ऐकले गेले. खपाच्या आकड्यात हे श्रोते कुठेच सापडत नाहीत.

दुसरे माप सह्यांचे. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी राहिली. आठवड्यातून रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, दरमहा १५ तारखेच्या आत पगार आणि अपघातात जखमी होणाऱ्यास भरपाई या मागण्यांच्या अर्जावर ५,५०० कामगारांनी नावे नोंदवली. पत्राचा खप १,६५०, अर्जावरील नावे ५,५००! २४ एप्रिल १८९० च्या सभेला तर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामकरी स्त्रियांनी तेथे भाषणे केली.

तरीही १८९२ सालचा सरकारी अहवाल म्हणतो की, या संस्थेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. तेव्हा संघटना म्हणून ती अस्तित्वातच नाही. अधिकाऱ्याने लिहिले ते खोटे नव्हते. वही उघडून पाहिली तर ती कोरीच होती. पण ज्या संस्थेला अस्तित्व नव्हते तिच्याच मागणीपुढे गिरणी मालकांची संघटना दोन वर्षांपूर्वी नमली होती, त्याचे काय?

अर्थात मोठे आकडे म्हणजे मोठे यश असेही नाही. इंग्लंडमध्ये चार्टिस्ट चळवळीने १८४२ साली मताधिकारासाठी तेहतीस लाखांवर सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे नेला. तो फेटाळला गेला. तेथेही चळवळीचे पत्र एक जण वाची आणि अनेक जण ऐकत. आकडा आपल्याला गर्दीची लांबी-रुंदी सांगतो, तिच्या निश्चयाची खोली सांगत नाही.

आणखी एक योगायोग आपण ख्रिस्ती वाचकांनी ध्यानी घ्यावा असा आहे. मुंबईच्या कामगाराला रविवार मिळाला, त्यानंतर वर्षभराच्या आतच, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले आणि कामगाराला पवित्र दिवशी विश्रांती मिळालीच पाहिजे, असे जगाला बजावले. दोन्ही आवाज एकमेकांना अनोळखी होते. एकासाठी रविवार हा खंडोबाचा वार, दुसऱ्यासाठी प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. पण थकलेल्या माणसाची कणव मात्र एकच होती.

लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगात वारले. त्याच साथीत पुढच्या महिन्यात सावित्रीबाई फुले गेल्या. ‘दीनबंधू’चे वाचक किती, याचे उत्तर १,६५० असेही देता येईल, ५,५०० असेही आणि दहा हजार असेही. यांतील एकही खोटे नाही, एकही पुरेसे नाही. आपले त्रैमासिकही एका घरी येते आणि शेजारच्या दोन घरी जाते. आजी ते नातवाकडून वाचून घेते. वर्गणीदारांच्या वहीत त्या आजीचे नाव नसते. वडिवळ्याच्या पाण्याकाठी रविवारी विसावलेल्या कुणाला ‘दीनबंधू’ हे नाव ठाऊक असो वा नसो, तो विसावा हीच त्या पत्राची आजवर घरोघर पोहोचत असलेली प्रत आहे. पुढल्या रविवारी मिस्सेत आभार मानताना त्या ५,५०० नावांचीही आठवण ठेवू या.