कलपाच्या कुळातला सौरघट

काचेची पट्टी शिशाच्या क्षाराच्या द्रावणात उभी करायची, त्यात अल्कली आणि गंधक पुरवणारा थायोयुरिया घालायचे. थोड्या वेळात काचेवर लेड सल्फाइडचा करडा, आरशासारखा थर चढतो. शिशाऐवजी कॅडमियम घेतले की थर पिवळा येतो. या पद्धतीला केमिकल बाथ डिपॉझिशन म्हणतात; प्रयोगशाळेतल्या बोलीत नुसते ‘सीबीडी’. तिला निर्वात पंप लागत नाही. बीकर, तापमापक आणि ढवळणी एवढ्यावर काम भागते. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात, डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाच्या सेंटर फॉर इंटरडिसिप्लिनरी रिसर्चमध्ये, या बीकरविद्येवर संशोधन चालते. सूर्यप्रकाशाचा जो भाग सिलिकॉनच्या हाती लागत नाही, तो पकडण्याच्या प्रयत्नांत या विद्येला मोठे स्थान आहे.

सिलिकॉनचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. त्यामुळे सुमारे ११०० नॅनोमीटरपलीकडचा अवरक्त प्रकाश त्यातून आरपार जातो. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेचा जवळजवळ पाचवा हिस्सा असा वाया जातो. उलट निळ्या प्रकाशाच्या कणात गरजेपेक्षा जास्त ऊर्जा असते आणि ती उष्णता होऊन विरते. मुख्यतः या दोन गळत्यांमुळे एकाच पदार्थाच्या सौरघटाला साधारण ३३ टक्क्यांची मर्यादा पडते. शॉकली आणि क्वाइसर यांनी या मर्यादेचा हिशेब १९६१ मध्ये मांडला.

या गळत्या अडवू पाहणाऱ्या सीबीडीचे मूळ कोणते, यावर अनेक दावे आहेत. लीबिगने १८३५ मध्ये द्रावणातून काचेवर चांदी चढवली. पण ती शुद्ध धातूची गोष्ट, सल्फाइडची नव्हे. पुशरने १८६९ मध्ये थायोसल्फेटच्या द्रावणातून धातूच्या वस्तूंवर रंगीत झळाळी आणली. तो थर सल्फाइडचाच होता, म्हणून हा दावा भक्कम. पण तिथे हेतू शोभेचा होता आणि थायोयुरियाही नव्हता. तिसरा दावेदार डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा जेम्स एमर्सन रेनॉल्ड्स. थायोयुरिया त्यानेच शोधलेला. १८८४ मध्ये त्याने अल्कलीयुक्त द्रावणात शिशाचा क्षार आणि थायोयुरिया एकत्र करून कृत्रिम गॅलेना, म्हणजे लेड सल्फाइड, बनवला. आजची कृती जवळपास हीच आहे, म्हणून पाठ्यपुस्तके त्याला मान देतात.

मात्र रसायनाच्या नजरेने पाहिले तर कूळ त्याहून फार जुने निघते आणि ते थेट केसांत सापडते. ग्रीक-रोमन काळात पांढरे केस काळे करण्यासाठी मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, विरलेल्या चुन्यात कालवून लावत. पॅरिसच्या फिलिप वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी हा कलप पुन्हा करून पाहिला आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. केसाच्या आतच लेड सल्फाइडचे सुमारे ५ नॅनोमीटरचे स्फटिक तयार झाले होते.

दोन्ही कृती शेजारी ठेवल्या की घटक जोडीने जुळतात. दोन्हीकडे शिसे आहे. बीकरमधल्या कॉस्टिक सोड्याचे काम केसात चुना करतो. थायोयुरियाची जागा केसातले केराटिन घेते: अल्कलीमुळे त्यातले गंधक हळूहळू सुटे होते. या कृतीत सगळे काही या ‘हळूहळू’वर अवलंबून आहे. गंधक एकदम सुटले तर काळा साका तळाशी बसतो. सावकाश सुटले तरच काचेवर थर आणि केसात नॅनोस्फटिक मिळतात. सीबीडीचे खरे मर्म हेच, आणि ते कलपाने पुशर-रेनॉल्ड्सच्या कित्येक शतके आधी साधले होते.

यावर सुरम्याचे उदाहरण पुढे करता येईल, कारण सुरम्यातही बहुधा गॅलेनाच असतो. पण सुरमा खनिज कुटून, खलून होतो. पदार्थ तोच असला तरी घडवण्याची क्रिया ती नाही. तंत्राच्या वंशावळीत त्याला जागा देता येत नाही. रेनॉल्ड्सने कलपावरून स्फूर्ती घेतली, असाही या मांडणीचा अर्थ नाही. हा वारसा रसायनाचा आहे, गुरुशिष्यांचा नव्हे.

पुढचे टप्पे परिचित आहेत. गॅलेनाच्या स्फटिकावरील संवेदकासाठी जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ मध्ये अर्ज केला आणि त्यांना १९०४ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने लेड सल्फाइडचे अवरक्त संवेदक विकसित केले. १९६० च्या दशकात कॅडमियम सल्फाइड बीकरमध्ये आला.

कोल्हापुरात ही विद्या शिवाजी विद्यापीठात रुजली. सी. डी. लोखंडे यांचा धातूंच्या सल्फाइड-सेलेनाइड थरांवरील विस्तृत आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. सहकारी माने यांच्यासह लिहिलेला दुसरा आढावा २००० मध्ये आला. फ्रान्समधील निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये मांडलेली ‘सिलार’ पद्धतही येथे मुरली. तिच्यात पट्टी आधी धातूच्या द्रावणात, मग पाण्यात, मग गंधकाच्या द्रावणात आणि पुन्हा पाण्यात बुडवतात. प्रत्येक फेरीला पातळसा थर वाढतो. या पद्धतीचा पठाण आणि लोखंडे यांचा आढावा २००४ चा. पुढे लोखंडे कसबा बावड्याच्या केंद्रात आले.

वर्णपटाच्या दोन्ही टोकांना या थरांचा उपयोग होतो. निळ्या टोकाला प्रश्न कॅडमियम सल्फाइडचाच आहे. तांबे-इंडियम-गॅलियम-सेलेनाइडच्या सौरघटात त्याचा सुमारे ५० नॅनोमीटरचा मधला थर सीबीडीने चढवतात. त्याचा बँड गॅप २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने ५१५ नॅनोमीटरखालचा प्रकाश तो स्वतःच गिळतो. म्हणून पर्यायांचा शोध सुरू झाला. बर्लिनच्या संशोधकांसह लोखंडे यांनी १९९९ मध्ये इंडियम सल्फाइडचे थर सीबीडीने बनवले. जपानच्या सोलर फ्रंटियरने २०१९ मध्ये अशा घटासाठी २३.३५ टक्के कार्यक्षमतेचा तेव्हाचा उच्चांक गाठला, तोही कॅडमियमविना, जस्ताची संयुगे वापरून.

लाल टोकाला कलपातला पदार्थ परततो. अखंड लेड सल्फाइडचा बँड गॅप ०.४१ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतका कमी, की त्या घटाला पुरेसे व्होल्टेजच मिळणार नाही. पण कण लहान केला की गॅप वाढतो: ५ नॅनोमीटरला सुमारे ०.९, ३ नॅनोमीटरला सुमारे १.३. म्हणजे कलपाच्या आकाराचा कण सिलिकॉनने सोडलेला, साधारण १३७५ नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपू शकतो. केसात तो केराटिनने वेढलेला असतो, त्यामुळे तिथून वीज बाहेर काढता येत नाही. काचेवर ओळीने लावलेल्या अशाच नॅनोकणांमधून, म्हणजे क्वांटम बिंदूंमधून, ती काढता येते. लेड सल्फाइडच्या भावंडाने, लेड सेलेनाइडने, निळ्या टोकाची गळतीही आटोक्यात येऊ शकते हे दाखवले. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत त्याच्या घटात काही तरंगलांबींना दर १०० प्रकाशकणांमागे ११४ इलेक्ट्रॉन मिळाले, कारण जादा ऊर्जेचा एक प्रकाशकण दोन इलेक्ट्रॉन मोकळे करू शकतो.

एकूण कार्यक्षमतेत हे बिंदूघट अजून सिलिकॉनच्या मागे आहेत आणि शिशाचे विष हा त्यांचा मोठा अडसर आहे. म्हणून शिसे नसलेल्या सल्फाइडांकडे लक्ष वळले. अँटिमनी सल्फाइड हा त्यांतला एक. त्याचा बँड गॅप सुमारे १.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने सिलिकॉनवरच्या दुसऱ्या घटासाठी तो जुळतो. त्याचे सिलार थर कोल्हापूरच्या संशोधकांनी १९९९ मध्येच बनवले होते.